जवळा नको, पागोळीचं पाणी द्या

प्रश्न : आमचं घर वेंगुर्ल्याला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मार्चमध्ये मुलाने पुण्याहून व्हीनस फ्लायट्रॅपचं, म्हणजे पानांच्या तोंडांत किडे पकडून खाणारं, रोप आणलं. आलं तेव्हा सात-आठ तोंडं उघडी होती, आतून लालबुंद. मी ते बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलं. कुंडी अगदीच लहान वाटली म्हणून मोठ्या मातीच्या कुंडीत हलवलं, आपली तांबडी माती आणि थोडं शेणखत घालून. रोज विहिरीचं पाणी घालते. घरात माशी सापडत नाही, म्हणून सासूबाई ‘तेका खावक घाल गो कायतरी’ म्हणत स्वतःच चिमटीने सुका जवळा भरवतात. सुट्टीला आलेला नातू दिवसातून दहा वेळा बोट घालून तोंडं मिटवतो. आता निम्मी तोंडं काळी पडलीत, उरलेली मिटेनाशी झालीत आणि मधूनच एक लांब दांडा वर येतोय. रोप मरतंय का? आणि याने डास कमी होतात असं मुलगा म्हणाला, ते खरं का?
— एक वाचक, वेंगुर्ला

ताई,

रोप अजून गेलेलं नाही. दांडा येतोय म्हणजे खालच्या कंदात थोडी धुगधुगी आहे. पण तुमच्या घरी त्याचे जितके लाड झाले, तितके आणखी महिनाभर झाले तर जाईल. तुमच्या पत्रात मला निष्काळजीपणा कुठेच दिसला नाही. दिसली ती माया, आणि या झाडाला नेमकी तीच सोसत नाही.

आधी ते येतं कुठून ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. जगात हे झाड आपसूक उगवतं ते फक्त अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना या दोन राज्यांत, विल्मिंग्टन शहराभोवतीच्या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात. तिथली जमीन वाळूमिश्रित, पाणथळ, आंबट आणि कमालीची निकस. नत्र नाही, स्फुरद नाही. इतर झाडं तिथे नीट वाढत नाहीत, म्हणून ऊन मात्र भरपूर. चार्ल्स डार्विनने 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात त्याने या झाडाची गणना जगातल्या सर्वांत अद्भुत झाडांमध्ये केली आहे.

हे लांबचं वाटत असेल तर ऑगस्टमध्ये आपल्याच एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन उकिडव्या बसा. कातळावर जिथे पाणी झिरपत राहतं आणि माती बोटभरसुद्धा नसते, तिथे गवताच्या मुळाशी लालसर केसाळ पानांची बारकी झाडं दिसतील. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एखाद्या थेंबाला अडकलेलं चिलट. ते दवबिंदू. त्याच्याच आसपास जांभळ्या फुलांचा गालिचा असतो, ती सीतेची आसवं. तिच्या चिखलातल्या भागांवर मोहरीपेक्षाही बारीक फुगे असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. दोन्ही कीटकभक्षी. पावसाने धुऊन सत्त्व निघून गेलेल्या जांभ्यावर जगायचं तर नत्र कुठून तरी मिळवायला हवं, म्हणून ही युक्ती. तुमच्या फ्लायट्रॅपचीही तीच. (बघा, फोटो काढा, पण उपटून आणू नका. उपटलेली सहसा टिकत नाहीत.)

तेव्हा पहिली गोष्ट माती. तांबडी माती आणि शेणखत आजच्या आज काढायचं. या झाडाची मुळं खतासाठी घडलेलीच नाहीत. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, नर्सरीतलं ‘जनरल’ पावडर खत, कशानेही ती करपतात. रोप कुंडीतून अलगद सोडवा आणि पावसाच्या पाण्यात बुडवून मुळांची माती धुऊन काढा. मुळं काळी दिसतील. त्याने घाबरू नका, निरोगी फ्लायट्रॅपची मुळं काळीच असतात. बघायचा तो कंद, मुळांच्या वरचा कांद्यासारखा पांढरा भाग. बोटाने हलकेच दाबा. टणक असेल तर रोप वाचलं. तपकिरी, मऊ, वास मारणारा भाग असेल तर धारदार ब्लेडने तेवढा कापून टाका. उरलेल्या पांढऱ्या तुकड्याला एक जरी कोंब असला तरी तो पुन्हा धरतो.

नवं मिश्रण म्हणजे पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (खडक भाजून फुगवलेले पांढरे, हलके दाणे), निम्मं निम्मं. दोन्ही ऑनलाइन मिळतं. एका रोपाला एकेक किलोसुद्धा लागत नाही, लहान पिशव्या मागवा. पिशवीवर ‘खतयुक्त’ किंवा ‘पोषणद्रव्यांसह’ असं असेल तर घेऊ नका. परलाइट दोन पाण्यांनी धुवा. पीट मॉस कोरडं असताना पाणी धरत नाही, वरून घातलेलं तसंच वाहून जातं, म्हणून ते रात्रभर भिजत घाला.

इथे आपल्याला दोन मोह होतात. एक कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुश्याचा. सोडणं घरात पडलेली असतात, बाजारात विटाही स्वस्त. पण नारळाच्या सोडणात मूळचेच क्षार असतात, आणि काथ्यासाठी ती खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर विचारूच नका. सात-आठ पाण्यांनी धुतलेलं कोकोपीट काही जण वापरतात. मी वापरत नाही. दुसरा मोह वाळूचा. समुद्र दहा मिनिटांवर, मग परलाइटला पैसे कशाला घालवा? तर त्या वाळूत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुराही, म्हणजे चुना. आंबट मातीत वाढणाऱ्या झाडाला चुना विषासारखा. नदीची वाळू वापरायची असेल तर चमचाभर वाळूवर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले की ती वाळू बाहेर.

कुंडी प्लास्टिकची, पांढरी किंवा फिकट, वीतभर खोल, खाली भोकं असलेली. मातीची कच्ची कुंडी पाणी शोषते आणि तिच्यात क्षार साठत जातात. सिमेंटची कुंडी तर नकोच.

आता पाणी. माझ्या मते दहातली आठ रोपं पाण्यानेच जातात. माझं पहिलं रोप मी बोअरच्या पाण्याने घालवलं. दोन महिने छान चाललं होतं, मग कुंडीच्या काठाला पांढरट खार दिसायला लागला, आणि तरीही ‘ऊन लागलं असेल’ म्हणत मी तेच पाणी घालत राहिलो. माती सतत ओली ठेवायची म्हणजे पाणी सतत उडून जाणार, आणि पाणी उडालं तरी त्यातले क्षार मागेच राहतात. दर दिवशी चिमूटभर मीठ घातल्यासारखंच ते.

तुमच्या विहिरीचं पाणी प्यायला गोड असेल, नाही म्हणत नाही. पण किनाऱ्याजवळच्या विहिरींची मे महिन्यातली चव तुम्हाला मी सांगायला नको. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पेनाएवढा असतो, दोन-चारशे रुपयांत येतो. घरी वॉटर प्युरिफायर दुरुस्त करायला येणाऱ्याकडे तो असतोच, त्याला सांगून विहिरीचं पाणी मोजून घ्या. आकडा 50 च्या खाली असेल तर बिनधास्त वापरा. 100 च्या आसपास असेल तर अडीअडचणीला. त्यापुढे नाही. प्युरिफायरचं पाणीही मोजून घ्या, कारण हल्ली चवीसाठी त्यात क्षार परत मिसळतात. बाटलीबंद पिण्याच्या पाण्याचं तेच.

पण तुम्ही हे का करावं? हे छापून येईपर्यंत मृग लागलेला असेल. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्या-मुंबईचे हौशी लोक ज्या पाण्यासाठी बॅटरीत घालायच्या पाण्याच्या बाटल्या आणतात, ते तुमच्या पागोळीला फुकट गळतं. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्या. त्यांत कौलांवरची धूळ, पाखरांची घाण आणि उन्हाळाभर वाऱ्याने आणून टाकलेला खार असतो. पाऊस लागून राहिला की मग पागोळीखाली स्वच्छ घमेलं लावा. स्लॅबवरून किंवा सिमेंटच्या पत्र्यावरून आलेलं पाणी मात्र नको, तिथे चुना आला. त्यापेक्षा खळ्यात उघड्या आभाळाखाली टब ठेवा.

साठा किती करायचा? एका कुंडीला उन्हाळ्यात दिवसाला दीडशे मिली धरा. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढच्या मृगापर्यंत सुमारे 235 दिवस, म्हणजे 35 लिटर. वीस लिटरचे दोन कॅन, अंधारात, झाकण घट्ट लावून. झाकण सैल असेल तर तोंडाला दुहेरी फडकं बांधा, नाहीतर डासांचं तुम्ही विचारलंत आणि डास माझ्याच सल्ल्याने वाढले असं व्हायचं.

पाणी वरून ओतायचं नाही. कुंडी पसरट बशीत ठेवा आणि बशीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी असू द्या. ते संपलं की एक दिवस थांबून पुन्हा भरा. माती कधीच कोरडी नको.

टीव्हीशेजारून ते उचला. तुमच्या डोळ्यांना खोलीत उजेड वाटतो, झाडाला तो अंधार असतो. रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे. तोंडं आतून लालबुंद होती ना? बहुतेक जातींत तो रंग उन्हानेच चढतो. घरात ठेवलं की नवी पानं लांबुळकी, पोपटी, लुळी येतात आणि तोंडं बारकी. आता ढगाळ दिवस आहेत, त्यामुळे एकदम बाहेर ठेवलंत तरी चालेल. पागोळीच्या थेट धारेखाली मात्र नको, मिश्रण उसळून बाहेर येतं. समुद्राच्या बाजूचा वारा पावसाळ्यात मीठ घेऊन येतो, म्हणून घराच्या पलीकडच्या अंगाला ठेवा. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा वाढ मंदावेल, मंदावू द्या. खरी परीक्षा ऑक्टोबरच्या उन्हाची. तेव्हा आठवडाभर आधी सकाळचंच ऊन दाखवा, मग पूर्ण. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते तीन हिरवी जाळी.

आता सासूबाईंचा जवळा. त्यांना दोष देऊ नका, घरी आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही हे त्यांच्या हातातच आहे. पण त्यांना जवळ बसवून एक गोष्ट दाखवा. एखाद्या तोंडाच्या आत भिंग लावून बघा. प्रत्येक पाळीवर, म्हणजे तोंडाच्या प्रत्येक अर्ध्या भागावर, सहसा तीन ताठ केस दिसतील, मिशीच्या केसापेक्षा बारीक. एका केसाला एकदा धक्का लागला तर काहीच होत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला की पाळी झपकन आतल्या बाजूला उलटते, मुलींच्या केसांची टिकटिक पिन दाबल्यावर उलटते ना, तशी. एक दशांश सेकंदाचा खेळ. कडेचे दात बोटांत बोटं गुंफल्यासारखे बसतात, पण फटी राहतात. फार बारकं चिलट असेल तर त्या फटीतून निसटतं, झाडही त्याच्यासाठी कष्ट घेत नाही. मोठा किडा आत धडपडत राहतो, केसांना पुन्हा पुन्हा धक्के देतो, आणि झाड ते धक्के मोजतं. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2016 साली हे मोजमाप मांडलं : पाचेक धक्क्यांनंतर पाचक रस तयार व्हायला लागतो. मग कडा घट्ट बंद, आणि पुढचा आठवडा-दहा दिवस ते पान म्हणजे झाडाचं पोट.

जवळा धडपडत नाही. त्यामुळे तोंड मिटतं, पण पुढची आज्ञाच जात नाही. आत मेलेली कोळंबी भिजते, बुरसते, आणि पान तिच्यासकट काळं पडतं. वर समुद्राचं मीठ आहेच. बांगड्याचा तुकडा, मटण, चीज, भात, यांतलं काहीही नको. हे सगळं लोकांनी भरवून पाहिलंय, माझ्याकडे तशी पत्रं आहेत.

नातवाचं बोटही तितकंच महागात पडतं. एक तोंड आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतं, मग नुसतं पान म्हणून उरतं किंवा काळं पडून गळतं. पोकळ मिटलेलं तोंड पुन्हा उघडायला अर्धा ते एक दिवस लागतो. दिवसाला दहा वेळा म्हणजे पोराने दोन आठवड्यांत रोपाची वर्षभराची शिल्लक उडवली. त्याला अगदीच राहवत नसेल तर महिन्यातून एकदा, त्याच्या हाताने एक जिवंत माशी चिमट्याने सोडू द्या, तोंडाच्या एक तृतीयांश आकाराची. त्याहून मोठी नको, पाय बाहेर राहिले तर कडा नीट मिटत नाहीत आणि पान सडतं. नुकतीच मारलेली माशी असेल तर मिटलेल्या तोंडाला बाहेरून बोटाने हलकेच चोळत राहायचं, म्हणजे आत कोणीतरी हलतंय असं झाडाला वाटतं. पोरांना हा भाग फार आवडतो.

तरी बाहेर ठेवलेल्या रोपाला तुम्ही काहीच भरवलं नाहीत तरी चालतं. त्याची भाकरी उन्हात आहे, इतर झाडांसारखीच. किडा म्हणजे लोणच्याची फोड. महिनोन् महिने मिळाला नाही तरी वाढ थोडी सावकाश होते, एवढंच.

यावरून डासांचं उत्तर कळलंच असेल. नाही. रानातसुद्धा याच्या तोंडात सापडतात त्या बहुतेक मुंग्या, कोळी आणि सरपटणारे किडे. एक तोंड एका किड्यावर आठवडाभर बसून राहतं, त्याच्याकडून डासांचा बंदोबस्त कसला होतोय! मच्छरदाणी लावा.

मधून येणारा तो फुलांचा दांडा कापून टाका, दोन-तीन बोटं उंच असतानाच. फुलं साधी पांढरी असतात, आणि आजारी रोपाला ती परवडत नाहीत. कापलेला दांडा फेकू नका. त्याचे तुकडे ओल्या पीट मॉसमध्ये खोचून उजेडात ठेवा, कधी कधी बुडाशी बारीक रोपं फुटतात. काळी तोंडं कात्रीने मुळाशी छाटा. जुनी पानं काळी पडणं हा नेम आहे. मधला कोंब काळा पडला तरच चिंता.

पावसात गोगलगायी येतील, त्यांना ही कोवळी पानं आवडतात. रात्री विजेरी घेऊन उचला. नवी पानं वाकडीतिकडी यायला लागली तर मावा समजा. अख्खी कुंडी पावसाच्या पाण्यात दीड-दोन दिवस बुडवून ठेवा, मावा मरतो, रोपाला काही होत नाही.

राहिली थंडी, आणि इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. कॅरोलायनात हिवाळ्यात रात्री पारा शून्याजवळ जातो. रोप तीन-चार महिने आखडून झोपतं, त्या झोपेवर वसंतातली नवी वाढ अवलंबून असते. वेंगुर्ल्याची थंडी म्हणजे पहाटे चादर ओढून घ्यायची, इतकीच. झोप न मिळता रोप एक-दोन वर्षं काढतं, मग दर वर्षी खुरटत जातं आणि एखाद्या पावसाळ्यात संपतं. उपाय फ्रीजचा. डिसेंबर ते फेब्रुवारी, कुंडी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नव्हे. माती जेमतेम दमट, काळी पानं आधी छाटलेली, आठवड्याला एकदा पिशवी उघडून हवा द्यायची. माझं दुसरं रोप मी असंच ठेवलं होतं, पण माती थबथबलेली ठेवली आणि जानेवारीत पिशवीत राखाडी बुरशीचा गोळा मिळाला. तिसरं तीन हिवाळे फ्रीजमध्ये काढून आता पडवीच्या कट्ट्यावर आहे. दोन-चार तास लाइट गेली तर काही बिघडत नाही.

या वर्षी मात्र तुमच्या रोपाला फ्रीजमध्ये घालू नका. आजारातून उठलेल्याला झोप झेपणार नाही. ते धडधाकट झालं तर पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात घाला, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘भाजी नव्हे’ असं लिहा. सासूबाईंच्या हाताला भाजीच्या कप्प्यात काय लागेल याचा नेम नाही.

नव्या मिश्रणात लावल्यावर तीन-चार आठवडे रोप रुसल्यासारखं बसेल, उरलेली पानंही टाकेल. उकरून बघू नका. साधारण नागपंचमीच्या सुमाराला मधून पोपटी टोक दिसायला हवं. दिसलं तर फोटो पाठवा. नाही दिसलं तरी कळवा, कंदाचं काय करायचं ते तेव्हा बघू.